कुमुदताईंचे आखूड केस

कुमुदताई गेल्याचा फोन त्यांच्या लेकीनं, मृणालनं, केला तेव्हा मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला, पण उरलेली वीस मिनिटं तशीच ऐकत बसले. रडू आलं नाही. दीड वर्ष त्यांना दवाखान्यात नेऊन-आणून इतकी शिणले होते, की आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली. सहा आठवडे झाले, शीण उतरलेला नाही.

आयुष्यभर भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि वॉशिंग्टनच्या एका म्युझियममध्ये लोकांना चित्रं दाखवू लागल्या. शनिवारी आमच्या अ‍ॅशबर्न गावाहून त्यांना गाडीनं न्यायचं काम शेजारीण म्हणून माझं. त्यांचं दालन ठरलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बायकांच्या व्यक्तिचित्रांचं. दुरूनच हात आडवा धरून त्या चित्रातला चेहरा माझ्यापुरता झाकायच्या आणि विचारायच्या, सांग, कधीची? छातीखालीच कंबर बांधलेला सरळ झगा असला तर शतकाची सुरुवात. बाह्या भोपळ्याएवढ्या फुगल्या आणि डोक्यावर केसांचा मनोरा चढला, की वीस-तीस वर्षं उलटलेली. मी हमखास चुकायचे. "चेहरा काय, चित्रकार गोड करून देतोच," त्या वैतागून म्हणायच्या. "केस बघ. ते बाईनं स्वतः बसवलेले असतात."

केमोत त्यांचे केस गेले तेव्हा मृणालनं जुन्या फोटोबरहुकूम विग करवून आणला. टोपीला आतून खोट्या बटा शिवून चित्राला बसलेली एक म्हातारी त्या दालनात आहे. विग घालून कुमुदताई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही आणि मी सख्ख्या बहिणी. पुढे बोटभर पांढरे केस उगवले आणि विग खोक्यात गेला. त्या काळी आखूड केसांचीही फॅशन होती म्हणे. तशा एका तरुणीचं चित्र दाखवून एका शनिवारी फार खुशीत होत्या. परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा म्हणाल्या, "सविता, मला शेवटचं तयार कराल ना, तेव्हा विग घालू नका. मृणाल ऐकणार नाही, तू सांग." मी हो म्हटलं...

फ्युनरल होममध्ये मृणाल ते खोकं घेऊनच आली. नागपूरचे सगळे नातेवाईक झूमवर येणार होते. केस करणाऱ्या बाईनं विचारलं, हा घालायचा ना? मृणालनं मान डोलावली. बोलायला हवं होतं मी. पण आता वाद नको, सकाळपासून पोटात काही नाही, असलं काहीतरी मनात आलं आणि मी गप्प बसले. पेटीत काळ्याभोर केसांच्या कुणी भलत्याच बाई होत्या. झूमवर त्यांच्या नणंदा म्हणाल्या, किती छान दिसतेय, आजारी वाटतच नाही.

गेल्या रविवारी त्यांची खोली आवरायला गेले तेव्हा मृणालला सगळं सांगून टाकलं. शब्द दिला होता आणि केवळ दमले होते म्हणून मोडला. ती पलंगाच्या कडेला बसली.

"आय न्यू, मावशी. आईनं मलाही सांगितलं होतं. पण मला एकदा जुनी आई बघायची होती, यू नो? मी तुझ्याकडे बघितलं. तू स्टॉप केलं असतंस, तर नसता घातला."

मग आम्ही कपडे पिशव्यांत भरले, औषधं काढली, पांघरूण घडी घालून ठेवलं. उशीच्या अभ्र्यावर तीन-चार आखूड पांढरे केस होते. ती उशी तेवढी दोघींनीही जागची हलवली नाही.