पॉलिनबायची पाचवी प्रार्थना

आमच्या गावच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला म्हणायच्या प्रार्थना बावीस वर्षं पॉलिनबाय लिहायची. शाळेतून निवृत्त झालेली, वाडीत वांगी-मिरची लावणारी, तोंडानं फटकळ. बाकीकडे पुस्तकातलं वाचतात. हिच्या प्रार्थनेत कुणाचा मोडलेला पाय असायचा, कुणाच्या पोरीचं अडलेलं लग्न. लोक कान टवकारून ऐकायचे.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक लागली. फादर नवे, बिचारे घाबरट. मी कोर्टात कारकून होतो, म्हणून मला म्हणाले, "लुईसकाका, आचारसंहिता आहे. चर्चमधून प्रचार केला म्हणून कुणी तक्रार करायला नको. वाचायचे कागद आधी तुम्ही बघा." झालं! माझ्या अंगात वकील संचारला.

पॉलिनबायची पाचवी प्रार्थना होती: "आमच्या विहिरींचं पाणी उपसून टँकर नालासोपाऱ्याच्या टॉवरांना नेतात. ते थांबवायची सुबुद्धी अधिकाऱ्यांना मिळो." एक उमेदवार 'टँकर बंद करू' म्हणत गावोगाव फिरत होता. मी ती ओळ खोडली.

"मत कुठं मागितलंय मी?" ती भडकली. "पाणी मागितलंय, तेही देवाकडे!"

"कायदा मला शिकवू नकोस," मी म्हणालो. जळला मेला माझा तोरा!

रविवारी तिनं चार प्रार्थना वाचल्या आणि पाचवीच्या जागी नुसती उभी राहिली. प्रत्येक प्रार्थनेनंतर सगळे एका सुरात म्हणतात, ते 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायला लोक थांबले होते. ती खाली उतरली.

मतदान आटोपल्यावर वसईत ओळखीचा एक निवडणूक अधिकारी भेटला. त्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "अहो काका, धर्माच्या नावानं मतं मागू नका, देवळात-चर्चमध्ये प्रचार करू नका. पाण्यासाठी प्रार्थना करायला कोण अडवतंय?"

तडक तिच्या वाडीत गेलो, माफी मागितली. म्हटलं, "येत्या रविवारी वाच गं."

"राहू दे, दादा. विहीर मचूळ झाली. वांगी उपटली मी परवा."

प्रार्थनेनं टँकर थांबले असते का, देव जाणे. पण चारशे माणसं एका तोंडानं बोलली असती, ती मी गप्प केली. ते डाचतंच.

गेल्या महिन्यात माझ्या बायकोचं, मेरीचं, ऑपरेशन होतं. पॉलिनबायनं तिच्यासाठी प्रार्थना लिहिली आणि मिस्साआधी कागद माझ्यापुढे धरला. "दादा, यात काही चुकत नाही ना?"

टोमणा असता तर मी हसून घेतला असता. पण ती खरंच विचारत होती.