चिमण्यांमधल्या सासूबाई

संशोधन संस्थेच्या मागच्या भिंतीवर लाकडी खोपे टांगलेले आहेत. त्यांच्यासमोर, पाठ मोडलेल्या खुर्चीत, गळ्यात दुर्बीण अडकवून बसलेली बाई दिसली की समजावं, ह्याच चिमणीबाई. कागदोपत्री त्या संशोधन सहायक. पण नाव पडलं ते पडलंच. आता कुरिअरवालासुद्धा दारातून तशीच हाक मारतो.

काम ऐकायला सोपं. प्रत्येक चिमणीच्या पायांत रंगीत कड्या. कोण कधी आलं, कुणाला किती पिलं झाली, कोण कुणाला हुसकावतं, ते पाहून संगणकात भरायचं. पण ‘डावा पाय लाल-निळा, उजवा पिवळा’ असं म्हणेपर्यंत चिमणी भुर्र होते. म्हणून चिमणीबाईंनी स्वतःपुरती सोय केली होती. तक्त्याच्या अगदी शेवटच्या, शेऱ्यांच्या रकान्यात त्यांनी चिमण्यांना घरातल्याच माणसांची नावं दिली, आणि एका नराला संस्थेतल्या आपल्या वरिष्ठांचं, ‘सर’.

‘नणंदबाई आल्या. बसल्या. काही केलं नाही. गेल्या.’

‘सर: काडीकाडी मादी आणतेय, हे दाराशी छाती फुगवून उभे.’

‘सासूबाई: पिलांचं झाल्याशिवाय स्वतः दाण्याला तोंड लावत नाहीत. बाकी सगळ्यांना टोचतात.’

तो रकाना कुणी वाचत नसे. सरांना आकडे लागत.

त्या आकड्यांवरचा सरांचा लेख एका मोठ्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा चिमणीबाई हौसेने घरच्या संगणकावर सासूबाईंना दाखवायला बसल्या. पहिला परिच्छेद दिसला आणि खाली चौकट आली: पुढचं वाचायचं तर पैसे भरा.

सासूबाईंनी चष्मा वर केला. “चिमण्या तू बघायच्या आणि तिकीटही तूच काढायचं?”

हे वाक्य चिमणीबाईंच्या मनात रुतून बसलं. पुढच्या लेखाच्या वेळी त्यांनी सरांचा पिच्छाच पुरवला. लेख सर्वांना खुला ठेवायचा, आणि सगळी माहितीही.

“उन्हातान्हात बसायचं आपण,” सर म्हणाले, “आणि गार खोलीत बसलेला कुणीतरी तीच माहिती उचलून आपल्याआधी निष्कर्ष छापणार.”

“छापू दे की. चिमण्या थोड्याच त्याच्याकडे राहायला जाणार आहेत?”

“चुका काढतील.”

“काढू देत. आपल्याला कुठे दिसतात आपल्या?”

सर भले माणूस, पण चिवट. त्यांची भीतीही खोटी नव्हती. एकदा त्यांचे हात पोळले होते. शेवटी “तुमच्या जबाबदारीवर” म्हणत ते तयार झाले. चिमणीबाईंनी त्याच दुपारी तक्ता जसाच्या तसा खुल्या संकेतस्थळावर चढवला, आणि आनंदाच्या भरात दुवा घरच्या ग्रुपवर टाकला. घरच्या ग्रुपवरचे दुवे कोणी उघडत नाही, ही खात्री होतीच.

नणंदेने उघडला. शेवटच्या रकान्यापर्यंत गेली.

“वहिनी,” संध्याकाळी तिचा फोन आला, “मी येते, बसते, काही करत नाही, होय?”

चिमणीबाईंनी घाईघाईने तो रकाना उघडला.

“आईला वाचून दाखवलंय हं सगळं,” नणंद म्हणाली आणि हसू दाबत फोन ठेवला.

जेवताना सासूबाई उठून स्वतःच मीठ घेऊन आल्या. एरवी मिठावरून बोलतात.

सकाळी संस्थेत सर वाटच पाहत होते. शेरे आता त्यांनीही वाचले होते. घरचा प्रकार ऐकून म्हणाले, “तुम्ही म्हणत असाल तर पान बंद करून घेऊ. एक निरोप पाठवला की झालं. घरची शांतता महत्त्वाची.” मग पडेल आवाजात म्हणाले, “त्या ‘सर’ नावाच्या नराबद्दल आपण नंतर बोलू.” त्यांनी एक पत्र पुढे केलं. परदेशातल्या एका पक्षीअभ्यासकाने शेरे यंत्राकडून भाषांतरित करून घेतले होते. इतकी बारीक निरीक्षणं कुठेच पाहिली नाहीत, असं तो लिहीत होता. फक्त तुमच्याकडच्या चिमण्यांत नणंद आणि सासू हे दर्जे कसे ठरतात, तेवढं कळवावं.

चिमणीबाईंना हसू आलं. पण इतकं भांडून उघडलेलं पान आपल्याच हाताने मिटायचं? “उद्या सांगते,” त्या म्हणाल्या.

घरी सासूबाई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चिमणीबाई समोर बसल्या आणि एक टॉवेल ओढून घेतला.

“आई, ते पान बंद करता येतं. मग कुणाला दिसणार नाही.”

“म्हणजे परत तिकीट?”

“तिकीट काढूनही नाही दिसणार.”

सासूबाईंनी त्यांच्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि पुन्हा, नीट घडी घातली. “टोचते मी. ते काय जगाला नवीन आहे? पण पिलांचं आधी बघते, असंही लिहिलंयस ना तू. इतकी वर्षं झाली, ह्या घरात कुणी बोललं नव्हतं ते.” मग घडी बाजूला ठेवून, “यंदा दिसते का ती?”

“दिसते. दोन पिलं आहेत.”

“मला दाखव उद्या.”

पान उघडंच राहिलं. परदेशच्या अभ्यासकाला चिमणीबाईंनी सविस्तर कळवलं, की दर्जे चिमण्यांचे नाहीत, आमच्या घरचे आहेत. आणि दुसऱ्या दिवशीचा शेरा ज्याला हवा त्याला आजही फुकट वाचता येतो: ‘सासूबाईंना बघायला सासूबाई आल्या. खुर्ची मोडकी असल्याबद्दल सरांना बोलल्या. सर छाती न फुगवता उभे होते.’