पाणी माझ्याआधी घरी पोचलं

परवा आष्टीला ट्रेनिंगला गेले आणि पाय बांधून घेऊन परत आले!

आमच्या गावात बायकांची सहकारी दूध संस्था आहे, तिची मी सचिव. ट्रेनिंगचा विषय होता दिव्यांग सभासदांना समजून घेणं. वाटलं होतं भाषण असेल, चहा असेल... तर तिथल्या मॅडमनी कुणाचे डोळे बांधले, कुणाचा हात. माझ्या गुडघ्याला पट्ट्यानं फळी बांधली, हातात दोन कुबड्या दिल्या आणि म्हणाल्या, असंच घरी जा, रोजची कामं करा, झोपताना सोडा.

मला वाटलं, त्यात काय एवढं... हौसेनं दोन सेल्फीही काढले.

जीपमध्ये चढतानाच हौस फिटली. पण दुखण्याचं रडगाणं मी गाणार नाही. ज्यांना रोज कुबड्या घ्याव्या लागतात त्यांना ते माहीत आहे, आणि माझा पट्टा तर रात्री सुटणारच होता.

खरी गोष्ट दुपारी घडली. यंदा दुष्काळानं गावची विहीर आटलीय, एक दिवसाआड टँकर येतो. टँकर आला की सगळ्या बायका हंडे-घागरी घेऊन रांगेत. भांडणं तिथंच, चेष्टा तिथंच, कुणाची पोर बघायला कोण आलं होतं तेही तिथंच कळतं. शेजारणीनं माझा हंडा उचलला आणि मी कुबड्या टेकत तिच्या मागं गेले.

"तुमी बसा बाई, आमी भरतो की!" एक म्हणाली, मग दुसरी, मग सगळ्याच. कडुलिंबाच्या पारावर मला बसवलं आणि सगळ्या परत रांगेत गेल्या.

रांग वीस पावलांवर होती. हसणं ऐकू येत होतं, कशाला हसतायत ते कळत नव्हतं. मी ओरडून विचारलं, काय झालं गं? तर उत्तर आलं, "काय न्हाई, बसा तुमी."

बसले. मोबाइल काढला, रेंज नव्हती. ह्याच बायकांमध्ये मी रोज सगळ्यात मोठ्यानं बोलते, आणि त्या दुपारी माझी कुणाला आठवणही होत नव्हती... आणि माझं पाणी तर सगळ्या प्रेमानं भरत होत्या!

माझा हंडा त्यांनी परस्पर नेऊन ठेवला. मी कुबड्या टेकत घरी आले, तर पाणी माझ्याआधी घरी पोचलं होतं.

त्या हंड्याकडं बघता बघता मला कौसाआत्या आठवली.

आत्या आमची सभासद. लहानपणी पोलिओ झाला, काठी टेकत चालते, घरात एकटीच असते. पूर्वी रोज सकाळी किटली घेऊन दूध घालायला केंद्रावर यायची. दोन वर्षांपूर्वी मीच मीटिंगमध्ये ठराव मांडला, की संस्थेचा माणूस तिचं दूध घरून घेऊन येईल. आत्याच्या अंगावर शाल टाकली, फोटो काढला, इथंच पोस्टही केला होता. आठवत असेल तुम्हाला.

पट्टा न सोडता तशीच तिच्याकडं गेले. माझा अवतार बघून आधी ती पोट धरून हसली. मग मी विचारलं, आत्या, दूध घरून नेतात ते बरं पडतं ना?

"दुधाचं लई बरं हाय," आत्या म्हणाली. "रोज येळेवर जातंय. मीच ऱ्हाते घरी."

"मग बोलली का न्हाई?" मी विचारलं.

"शाल टाकली, समद्यांनी टाळ्या वाजिवल्या... त्यात कसं बोलू, बाई?"

उद्यापासून केंद्रावर ये, एवढंच मी म्हणाले.

काल सकाळी आत्या आली. एका हातात काठी, एका हातात किटली. गायीचं दूध आटून लिटरभरावर आलंय, आणि दहा मिनिटांच्या वाटेला तिला पाऊण तास लागला. बायका बाजूला सरून तिला पुढं सोडायला लागल्या, माझ्याही तोंडात "बसा" आलंच होतं, ते गिळलं. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नंबरानंच येते."

रांगेत काहीतरी चेष्टा झाली, सगळ्या हसल्या. आत्याही हसली... पण थोडी उशिरा, बाकीच्यांकडं बघून. कुणाबद्दल चाललंय ते तिला कळलंच नव्हतं. दोन वर्षांत गावात नव्या सुना आल्या, त्यातली एकही तिच्या ओळखीची नाही. तिचा नंबर आला तेव्हा किटली माझ्यापुढं ठेवून तिनं हळूच एका सुनेकडं बोट केलं, "ही कुणाची गं?"

मी सांगितलं. तिनं अजून एकीचं विचारलं, तेही सांगितलं.

तो शालीचा फोटो तुम्हाला फार आवडला होता. आज मी तो काढून टाकला. आत्या, तू दोन वर्षं गप्प बसून जे सोसलंस, ते मला एक दुपारसुद्धा झेपलं नाही.