पासपोर्टच्या व्हॅनमधलं दहावं बोट

अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताटकी पाहिलीच असेल तर ती सत्कार समारंभांतल्या प्रास्ताविकांत.

मी ब्रह्मपुरीचा. निवृत्तीनंतर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. पूर्वी पासपोर्टसाठी नागपूर गाठावं लागे. या वर्षी पासपोर्टची व्हॅनच आमच्या मैदानात आली. फीत, हार, तीन भाषणं झाली. व्हॅन तेवढी निमूट उभी होती आणि शेवटी काम तिनंच केलं.

सोनीबाई जंगलातल्या गावच्या; त्यांचा फॉर्म मीच भरला होता. मुलगी मस्कतला नर्स, पहिलं बाळंतपण तोंडावर, जवळ कोणी नाही. व्हॅन त्याच संध्याकाळी परत जाणार होती.

अडचण बोटांची. जन्मभर बांबू सोलून ठसे झिजलेले आणि डाव्या हाताची तर्जनी कोयत्यानं अर्धी गेलेली. ऑपरेटर मॅडमनी ते बोट 'नाही' अशी नोंद केली, काच पुसली, हात ठेवायला सांगितलं. मशीनचा दिवा लाल. पुन्हा लाल. असं सहा वेळा.

"बाई, हात जरा चोळा."

"चोळून राह्यली ना माय. तुह्या मशीनले कामाचे हात पटत नाई वाटते."

मग सोनीबाईंनी हात मागे घेतला. "गुरुजी, चूक माह्यी हाय. एसटीच्या घाईत देवाले न सांगताच निंगाली मी."

त्यांच्या गावात शीव ओलांडायच्या आधी ऐनाच्या झाडाला सांगून निघायची रीत आहे. देव त्या झाडात.

मी म्हटलं, "बाई, मशीनले तुमचा देव काय ठाऊक?"

"मशीनले नसन ठाऊक. देवाले तर मशीन ठाऊक असन."

मैदानाच्या कोपऱ्यात एक ऐन होता. सोनीबाईंनी खोडावर दोन्ही तळवे टेकले आणि शेजारणीला निरोप द्यावा तसं गोंडीत काहीतरी सांगितलं. परत आल्या. मॅडमनी काच पुन्हा पुसली. उजवा हात — हिरवा. दोन्ही अंगठे — हिरवे. डावा हात — हिरवा... चारही बोटं. अर्धी तर्जनी काचेला टेकलीसुद्धा नव्हती, पण स्क्रीनवर तिच्या जागी पूर्ण ठसा होता. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मी स्क्रीनकडे.

"ते काढून टाका," सोनीबाई शांतपणे म्हणाल्या. "ते देवाचं हाय. मस्कतले मीच जाणार आहो."

मॅडमनी काढलं. नऊ बोटांवर अर्ज गेला. पुढे पोलीस टॅबलेट घेऊन घरी आला, अंगणातच चौकशी उरकली, चहासुद्धा घेतला नाही. पासपोर्ट पोस्टानं, व्हिसा फोनवर. माझ्या अनुभवात हेही अलौकिकच.

मस्कतहून सोनीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नात. मी विचारलं, "तिथल्या मशीननं बोटं घेतली का?"

"एका झटक्यात. यावेळी सांगून आली होती ना."

काय घडलं, ते मला अजून उलगडलेलं नाही. आधीच्या कुणाचा ठसा काचेवर राहिला असेल म्हणाल, तर काच पुसलेली होती, एवढं मी शपथेवर सांगतो.