विहिरीपासून पाहत यावं

माझ्या थोरल्या साडूंना धडधाकट वस्तूंचा मनापासून कंटाळा होता. नरखेड तालुक्यातल्या संत्र्यांच्या बागांमधले पंप दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. नागपूरला आमच्याकडे आले की चहाच्या आधी ते घरभर हिंडून काय बिघडलंय ते विचारत, आणि काहीच बिघडलेलं नसलं तर आपल्याला परक्यासारखं वागवल्याचा त्यांना राग येई. पुतणीच्या लग्नात ते मुठीत अक्षता धरून मांडवामागे जनरेटरचा आवाज ऐकत उभे राहिले. मंगलाष्टकं संपली, पंगतही उठली, तेव्हा येऊन म्हणाले की बेअरिंग गेली आहे. ती खरोखरच गेलेली होती.

ऐंशीच्या दशकात मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात कारकून होतो. तीन महिने बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो आणि केसपेपर आता कॉम्प्युटर काढील असं डॉक्टरांना सांगून बसलो. माझा प्रोग्राम नाव, गाव, वय, तक्रार विचारी आणि कागद छापी. माझ्यापुढे तो गाईसारखा वागे. पेशंटपुढे कंपाउंडर टाइप करायला बसला की मात्र अडे, आणि पुन्हा सुरुवातीपासून करा अशी इंग्रजी ओळ दाखवी. आमचा कंपाउंडर आज्ञाधारक. तो मशीनच बंद करून पुन्हा चालू करी. सोमवारपर्यंत चाललं नाही तर मशीन परत आणि त्यामागून तुम्ही, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले.

रविवारी साडूभाऊ आले. बिघाडाचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. दवाखान्यात येऊन त्यांनी मशीनवर तळवा ठेवला. ते थरथरत नाही म्हणून जरा नाराज झाले.

"पाणी कुठवर येऊन राहिलं, ते विहिरीपासून पाहत ये गा. एकेक सांधा खोल."

मी प्रोग्रामला प्रत्येक प्रश्नामागे 'इथवर आलो' अशी ओळ दाखवायला लावली. साडूभाऊ पेशंट होऊन स्टुलावर बसले, आणि ते सांगतील तेच कंपाउंडरसारखं टाइप करायचं असं ठरलं. नाव पुढे गेलं, गाव गेलं. वय विचारलं तर म्हणाले, "असंन साठ-बासष्ट." मी तसंच टाइप केलं, आणि पाणी तिथेच थांबलं. मी आपला रोज माझं छत्तीस टाकून पाहत होतो. मशीनला एकच आकडा हवा होता, आणि खेड्यावरून येणारा आमचा पेशंट वय कधी एका आकड्यात सांगत नाही.

नक्की किती, असं मी विचारलं. साडूभाऊ म्हणाले,

"मायले मालूम होतं. कापूस फुटला होता तवा झालो, इतकंच सांगे. तिले इचारायचं राहूनच गेलं. आता कोणाले इचारू?"

मला फार वाईट वाटलं. वयाच्या जागी काहीही लिहिलेलं चालेल, असा मी प्रोग्राम बदलला. प्रिंटर करकरला आणि 'असंन साठ-बासष्ट' असं वय छापलेला कागद आला. माझी नोकरी वाचली होती, पण साडूभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी वय कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

"शाळा नाही, दाखला नाही. पह्यल्यांदाच वय लागलं कागदाले. हा मी नेऊ?"

सात वर्षांनी साडूभाऊ गेले. मृत्यूच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत वय विचारलं तेव्हा त्यांच्या बायकोने तोच कागद पुढे केला, आणि तिथल्या कारकुनाने त्यातला शेवटचा आकडा उतरवून घेतला. नोंदीत ते अजून बासष्टचेच आहेत, आणि ते दुरुस्त करून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही.