बाकावरची जागा

शनिवारी सकाळी मी अंड्यात भिजवलेल्या पिठाची मोठी पोळी लाटत होते. रविवारी टेनिस क्लबच्या जेवणाला काप्पेलेत्ती, सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या टोप्या, करायच्या होत्या. चीजचं सारण वाडग्यात तयार होतं. कॉफी सवयीने दोघांची टाकली गेली होती. तेवढ्यात खिडकीच्या फळीवर टकटक झाली. रॅकेटच्या मुठीने टकटक करणारा गावात एकच. दाराला घंटी आहे हे त्याला लहानपणापासून पटलेलं नाही.

"ये, लोरिस. पाय पूस."

"पुसलेत, मावशी." पुसले नव्हते.

लोरिस शेजारच्या घरातला, बावीस वर्षांचा. बाप केव्हाच फेर्राराला दुसरा संसार थाटून बसला. आई उन्हाळाभर समुद्रकाठच्या खानावळीत राबते. हा आमच्या गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत वाढला. भिंतीचा रंग उडाला तेव्हा माझ्या नवऱ्याने, ओरेस्तेने, भिंत तशीच ठेवली आणि पोराला क्लबात नेलं. पुढे तो अकादमीत गेला, व्यावसायिक खेळाडू झाला. बेकरीवाल्याने त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण काचेवर लावलं. ते आता पिवळं पडलंय. त्याच्या शेजारी लावायला दुसरं आलेलं नाही.

उरलेली कॉफी मी त्याच्यापुढे ठेवली. "वाळलास."

"ट्युनिशियात स्पर्धांना गेलं की रोज कोंबडी आणि भात. समोर फोन उभा करून जेवतो. निदान कोणीतरी बोलतंय असं वाटतं."

"बरोबरची पोरं असतील की."

"असतात ना. आज ज्याच्याबरोबर सराव करायचा, उद्या त्यालाच हरवायचं. मग एका टेबलावर बसायला दोघांनाही नको वाटतं." त्याने कप बाजूला सरकवला. "मागच्या महिन्यात एक सामना जिंकलो, मावशी. टॉवेल उचलला आणि बघायचं कुणाकडे तेच कळेना. खोलीवर येऊन काकांना फोन लावायला गेलो."

ओरेस्ते जानेवारीत गेला. त्याचा नंबर माझ्याही फोनमध्ये अजून आहे. मी पोळी फिरवून घेतली.

त्याच्या त्या दूरदूरच्या स्पर्धांत खेळाडूच्या शेजारी कोणी बसत नाही. वसंतात आमच्याकडे क्लबांचे सांघिक सामने असतात, तेव्हा मात्र संघाचा कप्तान त्याच्या बाकावर बसतो. त्या रविवारांसाठी लोरिस कुठूनही घरी येतो. इतकी वर्षं कप्तान ओरेस्ते होता. बाजू बदलताना बाकीचे कप्तान डावपेच सांगत. हा सांगायचा, टोमॅटोला कीड लागलीय, इवानाने, म्हणजे मी, आज ससा शिजवलाय. हरत आलेला पोरगा हसून उठायचा.

"आता फार्मसीवाला रोमानो बसणार ना?" मी विचारलं.

"बसला तर मला सर्व्हिस शिकवेल. स्वतःची जाळ्यापलीकडे जात नाही."

आम्ही दोघं हसलो. मग तो पोळपाटावर सांडलेल्या पिठात बोटाने रेघा ओढत राहिला.

"सोमवारी अकादमीला कळवायचंय, मावशी. पुढे खेळायचं, की इथे क्लबात लहान मुलांना शिकवायचं. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. उद्या शेजारी आपलं माणूस असताना एकदा खेळून बघतो. मग ठरवतो."

त्याचा रोख माझ्या लक्षात आला. "अरे, मला गुणसुद्धा मोजता येत नाहीत. लाल मातीने माखलेले मोजे धुणं, एवढंच माझं टेनिस."

"क्लबचं कार्ड आहे ना तुझ्याकडे?"

"ते जेवणाला यायचं म्हणून. तुझे काका काढायचे."

"बाकावर बसायला तेवढं पुरतं. रोमानोला विचारलं मी. फुगलाय, पण हो म्हणाला."

कॉफी तशीच निवली होती. रॅकेट मांडीवर आडवी धरून तो तिच्या तारा सरळ करत होता. त्या आधीच सरळ होत्या.

"उद्या माझ्या बाकावर बस, मावशी," तो म्हणाला. "टेनिसचं काही बोलू नकोस. जेवायला काय केलंयस, तेवढं सांग."