बेटावरचा खोकला

ड्राइव्हवेवरचा बर्फ आणि प्रवासातले किस्से, दोन्ही कधी साचतात ते कळत नाही. बर्फ निदान फावड्याने शोव्हल तरी करता येतो. त्या विंटरमध्ये मी पाठीला सॅक लावून कॅरिबियनमधल्या एका बेटावर एकटीच जाऊन आले, ते किस्से अजून तसेच पडून आहेत. इथे कॅनडात, आमच्या किचनर गावात प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा पॉटलक असला की मैत्रिणी म्हणतात, "ए, ते बेटावरचं सांग ना!" मी सांगते. त्या हसतात. सवयीने मीही हसते.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हा प्लॅन दोघांचा होता, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचा. माझा नवरा अनिरुद्ध नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला आणि काही महिन्यांनी फोनवर म्हणाला, "मी आता परत येत नाहीये." भांडण नाही, काही नाही. ऑफिसात सगळ्यांना कळलं. नागपूरला आईला तेवढं सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती एकटी. "तुझं छान चाललंय, माझी काळजी मिटली," हे तिचं फोन ठेवतानाचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

* * *

एअरपोर्टला सोडायला आलेले टॅक्सीवाले सरदारजी होते.

"अकेले, मॅडम? साहब?"

"साहब वँकूवर में हैं।"

"अच्छा! तो वहाँ से सीधे पहुँचेंगे!"

मी "हाँ जी" म्हटलं. थापांचा श्रीगणेशा तिथेच झाला. सामान उतरवून देताना त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला, "जोड़ी सलामत रहे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून म्हणाले, "आज ठंड बहुत है जी!"

* * *

बेटावर उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की एकट्या बाईला सगळे एकच काम सांगतात: फोटो काढायचं! बीचवर, धबधब्यापाशी, बोटीत, कुठेही बसले की कोणीतरी जोडपं कॅमेरा पुढे करायचं. एडमंटनचं एक नवं लग्न झालेलं जोडपं माझ्याच गेस्टहाऊसमध्ये होतं. त्यांचा हनिमून जवळजवळ पूर्णच मी शूट केला. "वन मोअर! दॅट वे, विथ द सनसेट!"

शेवटी त्या मुलीलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाली, "आता तुझा काढते." मी उभी राहिले, हसलेसुद्धा.

घरी येऊन फोटो बघितला. मी एका कडेला उभी आहे आणि शेजारी एका माणसाची जागा सोडलेली आहे.

* * *

सगळ्यात मोठी पंचाईत मराठी माणसाने केली. दुसरं कोण करणार!

कॅनडातल्याच ओकव्हिलचं एक कुटुंब त्यांच्या रिसॉर्टमधून दिवसभरासाठी आमच्या बाजूच्या बीचवर आलं होतं. नवरा-बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. बाईंनी लांबूनच माझं मंगळसूत्र हेरलं. हो, घालूनच गेले होते. काढायची सवय नव्हती.

"अय्या, मराठी? मिस्टर कुठे आहेत?"

"डायव्हिंगला गेलेत," मी समोर समुद्राकडे बोट दाखवलं.

"अरे वा! मग आम्ही थांबतो की. भेटूनच जाऊ!"

आणि थांबले हो! चिवड्याची पिशवी उघडली, चटई पसरली. आम्ही सगळे मिळून समुद्राकडे बघत बसलो. चिवडा संपला, ऊन कललं, पाण्यातून कोणीही वर येईना. बाईंच्या नवऱ्याने दोनदा घड्याळ बघितलं. बाईंचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. शेवटी त्या छोटीने विचारलं,

"मॉम, इज हर हजबंड डेड?"

"नो बेटा," मी म्हटलं, "ही इज परफेक्टली फाइन."

दिवसभरात बोललेलं तेवढंच खरं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

* * *

गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात एकच फोन होता. रोज सकाळी कॉलिंग कार्ड घेऊन मी आईला फोन लावायची. तिची तेव्हा संध्याकाळ. शेजारच्या टेबलावर माँट्रियालचे जील कॉफी पीत बसलेले असायचे. रिटायर्ड बस ड्रायव्हर, माझ्यासारखेच एकटे, सॅक माझ्याहून हलकी. एकदा फोन ठेवून मी रडत होते, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. आई जावयाशी बोलायचं म्हणते आणि मी रोज "तो झोपलाय" म्हणते, हेही.

त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आय कॅन नॉट स्पीक युअर लँग्वेज. बट आय कॅन कॉफ."

दुसऱ्या दिवशी माझ्यामागे उभं राहून ते असे खोकले की एडमंटनची मुलगी पाणी घेऊन धावत आली!

"अगंबाई, त्यांना खोकला झालाय?" आई म्हणाली. "हळद घालून दूध दे. रात्री मिठाच्या गुळण्या करायला लाव."

मग रोजच खोकला आणि रोज नवा उपाय: आलं-मध, लवंग, ओव्याची वाफ. जीलना खरोखरच सिगारेटचा जुना खोकला होता. म्हणून मी त्यांना दोन दिवस हळदीचं दूध करून दिलं. छाती चोळत म्हणाले, "युअर मदर, व्हेरी गुड डॉक्टर!"

* * *

निघायच्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आज सांगायचं. रिकाम्या घरात जाऊन सांगण्यापेक्षा इथून सांगितलेलं बरं.

फोन लावला. "आई, तुला एक सांगायचंय," म्हटलं आणि पुढचा शब्दच फुटेना.

मी गप्प झालेली बघून जीलना वाटलं, आपली वेळ झाली. आले आणि माझ्यामागे उभे राहून दणदणीत खोकले.

पलीकडे आईने खोकला पुरता संपू दिला. मग म्हणाली, "त्या गृहस्थांना म्हणावं, पुरे आता, घसा बसेल. आणि नीतू, झोपताना दाराला आतून कडी लावत जा गं. एकटी आहेस."